दुसऱ्या रांगेतली माणसं

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

गेली तीन वर्षं मी अधिकृत 'सामान्य माणूस' आहे. हसू नका, कागदावर तसंच लिहिलंय. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, निम्मी नोकरी धुळ्यात झाली, रिटायर होऊन जळगावला स्थायिक झालो, आणि एक दिवस ओळखीच्या डॉक्टरांचा फोन आला की आमच्या संस्थेच्या एथिक्स कमिटीवर याल का? मी म्हटलं, मला औषधातलं काय कळतं? ते म्हणाले, "सर, म्हणूनच."

माणसांवर औषधाचा किंवा उपचाराचा अभ्यास करायचा असेल तर आधी या कमिटीची परवानगी लागते. २०१९ च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात माणसं हवीत, त्यातली निम्मी तरी संस्थेबाहेरची हवीत, एक कायद्याचा जाणकार हवा, निदान एक बाई हवी, आणि एक सामान्य माणूस. तो मी. मीटिंगला चहा-बिस्किटं असतात, समोर कागदांचा हा एवढा गठ्ठा असतो. पहिलं वर्ष तर मी फक्त मराठी संमतीपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.

मागच्या वर्षी एक प्रस्ताव आला. गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली आहे, त्यामुळे संस्था कुठली, आजार कुठला, डॉक्टर कोण, हे सांगणार नाही आणि कमेंटमध्ये विचारूही नका. एवढंच सांगतो की सातपुड्याच्या पायथ्याचे काही पाडे घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. एका गटातल्या पाड्यांवर घरोघरी जाऊन तपासणी आणि औषध. दुसऱ्या गटाला 'युज्वल केअर', म्हणजे नेहमी मिळते ती सेवा. वर्षभराने मोजायचं की दोन्हीकडे काय फरक पडला.

मी विचारलं, "मॅडम, त्या पाड्यांवर नेहमी मिळते ती सेवा म्हणजे नेमकं काय मिळतं?"

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, प्रामाणिक होत्या. थोडं थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का सर? काहीच नाही."

त्या रात्री झोप आली नाही. इतिहासाच्या मास्तराला झोप आली नाही की तो जुनी पुस्तकं काढतो. मीही काढली. आणि हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच, तोही पार उघड्यावर, येऊन गेलाय हे दिसलं.

माझी आजी अमळनेर तालुक्यातली. बोरी नदीच्या काठचं गाव. ती प्लेगचं सांगायची. "घरमा उंदीर पडना का गाव सोडना. सारा गाव वावरमा ऱ्हायना." शेतात झोपड्या, घराला कुलूप, कुणी मेलं तर खांदा द्यायला माणसं नाहीत. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी आपापल्या आजीकडून हे ऐकलं असेल. तेव्हा धुळे-जळगाव असे जिल्हे वेगळे नव्हते, सगळा मिळून एक खानदेश, कचेरी धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली ती १९०६ साली, आणि तोवर प्लेगने आपल्याकडे चांगलंच बस्तान बसवलेलं होतं.

हा प्लेग आला मुंबईतून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. पुढचं आपल्याला पाठ आहे: पुण्यात रँडचे सोल्जर घरात शिरले, २२ जून १८९७ ला चाफेकरांनी रँडला गोळी घातली. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. मी तीसेक वर्षं हे शिकवलं. पण त्याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिच्यापुढच्या व्हरांड्यात जे चाललं होतं ते शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं.

तिथे वाल्डेमार हाफकिन नावाचा माणूस बसला होता. ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला, आधी कलकत्त्यात कॉलऱ्याची लस टोचत फिरलेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला आणि तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे, कारण त्या तुपाच्या आधाराने जंतूंचे धागे खाली लोंबत चांगले वाढतात, आणि मग तापवून जंतू मारून टाकायचे. (तूप आपलं साजूकच. मला हे वाचून उगाच बरं वाटलं.) १० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण तो उभा राहिला. या माणसाबद्दल पुढे मी जे काही म्हणेन ते ही गोष्ट लक्षात ठेवून वाचा. आधी स्वतःच्या दंडात सुई घालणारा संशोधक आमच्या कमिटीसमोर अजून एकही आलेला नाही.

स्वतःनंतर कोण? तर कैदी. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. हाफकिनने टोचून घ्यायला कोण तयार आहे असं विचारलं, आणि साधारण निम्मे कैदी, दीडशेच्या आसपास, पुढे आले. टोचलेल्यांपैकी नंतर दोघांना प्लेग झाला, दोघंही वाचले. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना झाला, सहा गेले.

आपल्या धुळ्याच्या माणसाला तुरुंग म्हटलं की १९३२ आठवतं, विनोबांची गीता प्रवचनं आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी. ते स्वतःहून आत गेलेले लोक. भायखळ्यातले कैदी तसे नव्हते. दार बंद, आत प्लेग, समोर साहेब, आणि साहेब विचारतोय 'घेणार का?' याला संमती म्हणायची की नाही, यावर आजही दोन मतं होतील. पण निदान विचारलं तरी होतं. पुढच्या वर्षी, १८९८ च्या जानेवारीत, उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा पद्धत बदलली. कैद्यांना अंगणात रांगेने बसवलं आणि एकाआड एक टोचत गेले. एक सोडून एक. कोण कुठे बसला यावर सगळं.

हे असं का केलं, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा थांबतो.

मधल्या काळात दमणला लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली होती. पोर्तुगीज मुलूख, प्लेगने पोळलेला. तिथे २,१९७ लोकांनी टोचून घेतलं, त्यातले ३६ मेले. ज्यांनी घेतलं नाही असे ६,०३३, त्यातले १,४८२ मेले. शाळेतलं पोरगंही सांगेल की लस चालते. पण शंका काढणारे म्हणाले, थांबा. टोचून घ्यायला कोण गेलं असेल? ज्याच्या घरी चार पैसे आहेत, जो मोकळ्या जागी राहतो, जो सावध आहे, तो. तो तसाही कमीच मेला असता! मग हे लसीचं पुण्य की त्याच्या घराचं?

शंका खोटी नव्हती. आजही कुठल्याही बाबाच्या काढ्याने दहा माणसं बरी झाली असं कुणी सांगितलं तर आपण हेच विचारायला पाहिजे: काढा न घेता किती बरी झाली असती? उत्तर मिळवायचा मार्ग एकच. दोन्हीकडची माणसं सारखी हवीत, आणि कुणाला द्यायचं हे माणसाच्या इच्छेवर किंवा ऐपतीवर नाही, तर योगायोगावर ठरायला हवं. म्हणून ती रांग, म्हणून तो एकाआड एक कैदी. आज ज्याला चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी म्हणतात, तिचा हा कच्चा आराखडा आपल्या मुंबईच्या एका तुरुंगात तयार झाला.

आणि मग उंधेरा.

बडोद्याजवळचं एक गाव. बडोदा म्हणजे सयाजीराव महाराजांचं राज्य, आणि महाराज मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. १२ फेब्रुवारी १८९८. गावात प्लेग आहे. सरकारी अधिकारी येतात, गावातली माणसं घरटी बोलावतात, आणि प्रत्येक घरातली निम्मी माणसं टोचतात. निम्मी सोडून देतात. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर, तेच पाणी. फरक फक्त सुईचा. शंकेखोरांना आता बोलायला जागा उरणार नव्हती, आणि उरलीही नाही.

काही आठवड्यांनी मोजणी झाली. गावातल्या २८ घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, २६ गेले.

२७ पैकी २६.

मी हे आकडे वहीत उतरवले आणि पेन खाली ठेवला. दमणचे आकडे आधीच हातात होते. भायखळ्याचे होते, उमरखाडीचे होते. स्वतः हाफकिनला तर बहुतेक खात्रीच असणार. तरी प्रत्येक घरातली निम्मी माणसं सोडली. त्या घरांत काय झालं असेल ते कुठे लिहिलेलं नाही. आईला टोचलं आणि पोराला नाही? थोरल्या भावाला टोचलं, धाकट्याला नाही? ठरवलं कुणी, बापाने की साहेबाने? गावकऱ्यांना काय सांगितलं? 'निम्म्यांना देतो' असं सांगितलं की 'निम्म्यांना देत नाही' असं? या दोन वाक्यांत फार फरक आहे, आणि आमच्या कमिटीचं अर्धं काम या दोन वाक्यांमधलंच आहे.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण माझी मलाच ती टाळता येईना. उंधेऱ्याचे आकडे निघाले नसते तर? लसीवर लोकांचा आधीच विश्वास नव्हता. ती घेतली की पुरुषत्व जातं, सरकारला माणसं मारायची आहेत, अशा अफवा होत्या. शंका घेणारे डॉक्टर होते, पैसे न देणारं सरकार होतं. अशा पक्क्या पुराव्यानंतर लसीला बळ मिळालं आणि पुढच्या वर्षांत ती लाखोंच्या संख्येने दिली गेली. माझी आजी त्या काळात लहान होती. तिच्या दंडावर कुणी ती लस टोचली होती की नाही, मला माहीत नाही, तिलाही आठवत नव्हतं. पण तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा जीव उंधेऱ्याच्या त्या २६ जणांवर उभा असू शकतो. हा हिशेब करताना हात थरथरतो, आणि तो करणं बरोबर आहे का हेही मला नक्की ठरवता येत नाही.

हाफकिनचं पुढे काय झालं तेही पाहा. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या एका बाटलीतून ज्यांना दिली ते १९ जण धनुर्वाताने मेले. सगळं खापर हाफकिनच्या प्रयोगशाळेवर फुटलं, त्याला कामावरून दूर केलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता वापरला, ही गोष्ट पुढे मान्य व्हायला, हाफकिनचं नाव धुऊन निघायला १९०७ उजाडलं. परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं १९२५ मध्ये. गंमत बघा, मुल्कोवालच्या १९ जणांसाठी चौकशी झाली, वर्तमानपत्रांत रकाने भरले, विलायतेत पत्रं छापून आली. ती चूक होती, म्हणून. उंधेऱ्याचे २६ चुकून मेले नव्हते, योजनेप्रमाणे मेले होते. त्यांची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नाही. ते कोष्टकात बसले.

त्यानंतर जगाने पुष्कळ नियम केले. जर्मनीत छळछावण्यांतल्या डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ मध्ये न्यूरेंबर्गची संहिता आली. तिचा पहिलाच मुद्दा, माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या माणसांना नुसतं बघत बसले, मध्ये पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. १९६४ मध्ये हेलसिंकीचं घोषणापत्र आलं. आपल्या आयसीएमआरने १९८० मध्ये, मग २००० मध्ये, मग २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. मी ती सगळी वाचली. त्यांचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर: दुसऱ्या रांगेतल्या माणसाला, सिद्ध झालेली चांगली गोष्ट उपलब्ध असताना, उगाच उपाशी ठेवू नका.

पण 'उपलब्ध' म्हणजे कुठे उपलब्ध? मुंबईत? अमेरिकेत? की त्या पाड्यावर?

यासाठी आता महाराष्ट्रातलीच अलीकडची गोष्ट. उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. १९९९ मध्ये तिथे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल, फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था, असे सगळे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले. एका गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, एका गटाला पॅप स्मीअर, एका गटाला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना नेहमीची सेवा. त्यांना आजाराची माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण तपासणी केली नाही.

आठ वर्षांनी निकाल आला, २००९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापला गेला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या. चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे.

त्याच सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच अभ्यास चालू होता. दीड लाख बायका. निम्म्यांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, निम्म्यांना नाही. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकाच होत्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. जगभर टाळ्या पडल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर नसलेली बाई, चार आण्याचं व्हिनेगर, आणि वाचलेले जीव!

मग एरिक सुबा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने प्रश्न विचारला. मुंबईहूनच निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' मध्ये २०१४ मध्ये त्याचा लेख आला. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल, तिन्ही ठिकाणचे तपासणी न केलेले गट मिळून १ लाख ३८ हजारांवर बायका, आणि त्यातल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. त्याचं म्हणणं, पॅप तपासणीने हा कॅन्सर आटोक्यात येतो हे जगाला कित्येक दशकं ठाऊक आहे. मग तपासणी न केलेल्या बायकांचे मृत्यू मोजून नवीन काय कळणार होतं? अमेरिकेत असा गट कुणी ठेवू दिला असता का?

माझं पहिलं मत सरळ त्याच्या बाजूने होतं. पण उस्मानाबादचा निकाल पुन्हा नीट वाचला आणि अडखळलो. तिथे एकदाच केलेल्या पॅप तपासणीने किंवा एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंत ठळक फरक पडलाच नव्हता. श्रीमंत देशांत जे चालतं ते आपल्या गावात, एकदाच केलं तर, तितकं चालत नाही, हे चौथा गट नसता तर कळलंच नसतं. सरकारने कदाचित चुकीच्या तपासणीवर पैसे घातले असते. संशोधकांचं म्हणणं हेच होतं: आपल्या देशात सगळ्यांसाठी तपासणी नाहीच, मग ज्यांना काही मिळतच नव्हतं त्यांच्यापासून आम्ही काय काढून घेतलं?

वकिली युक्तिवाद म्हणून हा बिनतोड आहे. पण तो मान्य केला की ज्या गावात आधीपासून काही नाही, ते गाव अभ्यासासाठी सगळ्यात सोयीचं ठरतं. नर्स न भरण्याची, औषध न पोचवण्याची शिक्षा सरकारला व्हायला पाहिजे, ती होते त्या गावातल्या बाईला. आधी दवाखाना नाही, आणि दवाखाना नाही म्हणून ती दुसऱ्या रांगेत बसायला 'योग्य'. मला हे पटत नाही. ६४ आणि ३४ मधला फरक ३० बायकांचा आहे. त्या ३० बायकांच्या घरी जाऊन हा युक्तिवाद करून दाखवा म्हणावं.

आणि निकालाचं पुढे झालं काय? २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या बायकांच्या व्हिनेगर तपासणीची रूपरेषा काढली. चांगलं झालं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, ही तपासणी कधी झाली आहे का, तर देशात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. आमच्या घरी मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "कसली तपासणी?" मास्तरणीची ही गत, तर चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या वरच्या पाड्यांचं काय सांगावं. चौथा गट फक्त उस्मानाबादेत नव्हता. आपल्या चोपडा-यावल-शिरपूरच्या बायकाही त्यातच आहेत, फक्त त्यांना कुणी मोजत नाही.

तर या सगळ्या तयारीनिशी मी पुढच्या मीटिंगला गेलो आणि अर्धा तास बोललो. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितलं. वकील ताई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. प्रस्ताव परत पाठवला: दुसऱ्या गटाला सरकारी कागदावर जे द्यायचं म्हणून लिहिलंय ते तरी खरोखर द्या, तपासताना कुणी आजारी सापडला तर गट न बघता लगेच उपचार करा, आणि शेवटी सगळ्या पाड्यांना औषध द्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इतकं समाधान मला वाटलं नव्हतं.

ते टिकलं चार-पाच महिने. मग डॉक्टर मॅडम घरी आल्या. माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं मान्य केलं. पण पैसे तेवढेच आहेत. म्हणून पाडे निम्मे करावे लागले. आता अभ्यास लहान झाला, उत्तर तितकं पक्कं येणार नाही. आणि ज्या पाड्यांना वगळलं, त्यांना आता पहिल्या रांगेचंही काही नाही आणि दुसऱ्याही रांगेचं नाही." मी चहा पुढे केला. बोलायला काही सुचलं नाही. अर्धा तास भाषण देणारा माणूस मी!

सुधारलेला प्रस्ताव या आठवड्यात येतोय. त्याचं संमतीपत्र मराठीत आहे आणि मराठी त्या पाड्यांवर अर्ध्या लोकांना नीट कळत नाही, म्हणून पावरी बोलीत वाचून दाखवायचा मजकूर करायचं काम मी अंगावर घेतलं. माझा एक जुना विद्यार्थी आहे, पावरा समाजातला, आता स्वतः आश्रमशाळेत शिक्षक. काल तो आला होता. बरंचसं जमलं. 'तुमची इच्छा नसेल तर नाही म्हणा', हे जमलं. 'मध्येच सोडलं तरी कुणी रागावणार नाही', हेही जमलं. 'कुठल्या पाड्याला औषध आधी मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरवलं आहे', इथे तो थांबला.

म्हणाला, "सर, शब्द आहेत. पण म्हातारी माणसं विचारतील, औषध दोघांना पुरत नाही म्हणून चिठ्ठी टाकली का? तर त्यांना काय सांगू? पुरतंय पण मोजायचंय म्हणून, असं सांगू?"

मी म्हटलं, खरं ते सांग.

"मग तुम्हीच लिहून द्या," म्हणाला, "मी बोलीत करून देतो."

मीटिंग उद्या अकराला आहे. बाकी कागद तयार आहे, ती ओळ अजून लिहायची आहे. तुमच्यापैकी कुणाला बरं वाक्य सुचलं तर रात्रीतून कमेंटमध्ये टाका. लहान असावं, आणि खोटं नसावं.